ट्रेलर माझा, ब्रेक गावाचा

बेळगावात एखाद्याला एखादी गोष्ट माहीत नाही असं कधी होत नाही, फारतर त्यानं ती अजून बघितलेली नसते. कार वाहून न्यायच्या ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक बसवायचा की सर्ज ब्रेक, हे मी सहज एकदा शहापुरात चहा पिता पिता बोललो आणि तिथं उभ्या असलेल्या चौघांचं, चहावाला धरून पाच, लगेच मत तयार होतं. ट्रेलर मात्र त्यातल्या एकानंही बघितलेला नव्हता.

मला जुन्या गाड्यांचा नाद आहे. म्हणजे दारात एक पद्मिनी, मागच्या शेडात एक जीप, आणि दोघी आलटून पालटून बंद. मनासारखा बॉडीवाला मिळालाय तो म्हापशात, त्यामुळं गाडी न्यायची म्हणजे जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरायचा, आणि क्रेनवाला त्याचे जे पैसे सांगतो ते ऐकून आमच्या घरात कोण कुणाशी बोलत नाही. म्हणून ठरवलं, आपला ट्रेलरच करून घ्यायचा, बोलेरोच्या मागं लावायचा, संपला विषय. विषय तिथंच सुरू झाला. पद्मिनी नऊशे किलोच्या आसपास, लोखंडी ट्रेलर स्वतः सहा-सातशे, म्हणजे दीड टनाचा ऐवज उतारावर पाठीत ढकलत येणार, आणि तो थांबवायचं काम एकट्या बोलेरोच्या ब्रेकवर सोडायचं म्हणजे बोलेरोवर अन्याय आणि समोरून येणाऱ्यावर त्याहून मोठा.

उद्यमबागेतला फॅब्रिकेटर पहिल्यापासून सर्जच्या पार्टीत. सर्ज म्हणजे हायड्रॉलिक आणि हायड्रॉलिक म्हणजे बेळगावचं काम, असा त्याचा अभिमान. त्यानं कुठून तरी एक जुना सर्ज कपलर पैदा करून टेबलावर ठेवला होता आणि मला समजावलं. ट्रेलरचं तोंड दोन भागांत असतं, एकात एक सरकणारं. पुढची गाडी ब्रेक लावून हळू झाली की मागचा ट्रेलर आपल्याच वजनानं पुढं रेटतो, ते तोंड आत सरकतं, आतला दांडा मास्टर सिलेंडर दाबतो आणि ब्रेक ऑइल चाकांकडं जातं. जेवढा रेटा तेवढा ब्रेक. त्यानं दोन्ही हातांनी कपलर दाबून दाखवला, फुस्स करून नळीच्या टोकाला तेलाचा थेंब आला, आणि गडी माझ्याकडं असा बघायला लागला की जणू त्यानंच शोध लावलाय. "वायर नको, कंट्रोलर नको, कुठल्या पण गाडीच्या मागं लाव आणि जा की," म्हणाला.

हे ऐकून मी निम्मा सर्जवाला झालो होतो. पण आमचं घर गल्लीत आहे, आणि गल्लीत ट्रेलर रिव्हर्सच घ्यावा लागणार. रिव्हर्समध्ये काय होतं, तर बोलेरो ट्रेलरला मागं ढकलते, तोंड आत सरकतं, बिचाऱ्या सिलेंडरला वाटतं ब्रेक लागलाय, आणि ट्रेलर जागेवर पाय रोवून उभा. चढावर तर विचारूच नका. त्याला उपाय आहे, रिव्हर्स लाइटच्या वायरवरनं एक सोलेनॉइड बसवायचा, तो रिव्हर्स पडला की तेलाची वाट बंद करतो. म्हणजे वायर नको म्हणून सर्ज घ्यायचा आणि रिव्हर्ससाठी वायर ओढायची. फॅब्रिकेटरला हे बोललो तर तो म्हणाला, "एकच वायर हाय की वो."

गोवावेसचा वायरमन कट्टर इलेक्ट्रिकवाला. त्याच्याकडं इलेक्ट्रिक ब्रेकचा मॅग्नेट बघायला मिळाला, तळहाताएवढा गोळा, त्याला दोन वायरी. बॅटरीला वायर टेकवली आणि टेबलावरचा पाना खट्टकन जाऊन चिकटला, वायर काढली, पाना खाली. चाकातल्या ब्रेकच्या ड्रममध्ये हेच होतं म्हणे. करंट आला की मॅग्नेट फिरत्या ड्रमच्या सपाट बाजूला चिकटायला बघतो, ड्रम त्याला स्वतःबरोबर ओढतो, त्या ओढीनं लिव्हर हलतो आणि लायनर ड्रमवर दाबले जातात. करंट किती सोडायचा ते ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळचा कंट्रोलर ठरवतो. चांगला कंट्रोलर गाडी किती जोरात हळू होतेय ते स्वतः ओळखून तेवढाच करंट सोडतो, स्वस्तातला मात्र पेडल दाबलं की ठरल्या वेगानं करंट वाढवत नेतो, तुम्ही कुत्रं चुकवायला ब्रेक लावलाय की सिग्नलला, त्याला काय फरक पडत नाही.

मग फॅमिली ग्रुप. एक भाचा अमेरिकेत, एक जर्मनीत, दोघांना पण मी फक्त "काय घ्यावं रे" एवढंच विचारलं होतं. अमेरिकेचा म्हणाला, इकडं बोटीच्या ट्रेलरला सर्ज, कारण ते चाकांसकट पाण्यात जातात आणि वायरिंगला पाणी सोसत नाही, गाडी वाहायला मात्र इलेक्ट्रिकच. जर्मनीचा म्हणाला, इकडं साडेतीन टनापर्यंत सगळे रेट्यानं लागणाऱ्या ब्रेकवरच चालतात आणि रिव्हर्सला ड्रममधली शू आपोआप सैल होते, अमेरिकावाल्यांना काय कळतंय. त्यावर दोघांच्या आया उतरल्या. ट्रेलर बाजूला राहिला आणि दिवाळीला कोण आलं नव्हतं ते निघालं.

येळ्ळूरच्या मामांचं म्हणणं तिसरंच. त्यांचा ट्रॅक्टर सीझनभर उसाच्या जोड ट्रॉल्या घेऊन कारखान्याला जातो, स्पीकर फुल्ल, ट्रॉल्यांना ब्रेक नावाची वस्तू नाही, चढावर थांबायची वेळ आलीच तर पोरगं उडी मारून चाकाखाली दगड घालतं. "आजवर काय झालंय काय?" मामांनी विचारलं. त्या ट्रॉल्यांच्या मागनं मी गाडी चालवलेली आहे, त्यामुळं मी गप्प बसलो. बायकोनं सगळ्यात स्पष्ट मत दिलं, "कुठला पण ब्रेक बसवा वो, खरं ती गाडी एकदा घाटाखाली गेली की परत आणायची काय घाई नाही."

शेवटी ठरलं ते घाटामुळं, निदान लोकांना मी तसंच सांगतो. आणि ते खोटं पण नाही. चोर्ल्यात उतरताना आपण सेकंड टाकून इंजिनावर गाडी रोखून धरतो, पेडलला पाय नसतो. खरं सर्जवाल्या ट्रेलरला हे कळणार कसं, तो आपला रेटतोय म्हणजे ब्रेक लागलाय, त्यामुळं घाट संपेपर्यंत लायनर घासत आणि ड्रम तापत राहणार. इलेक्ट्रिकमध्ये पेडल नाही तर करंट नाही. शिवाय कंट्रोलरवर एक हाताचा लिव्हर असतो, मागं ट्रेलर शेपूट हलवायला लागला तर गाडीचा ब्रेक न लावता नुसता ट्रेलरचा हळूच लावायचा, की तो सरळ होतो. सर्जमध्ये हे जमतच नाही. आणि हुक निसटलाच तर ट्रेलरवरच्या छोट्या बॅटरीची पिन दोरीनं ओढली जाऊन ब्रेक आपोआप लागतो. कणकुंबीच्या पावसात प्लग आणि अर्थिंग सांभाळावं लागणार, ते मी रोज पुसायला तयार आहे.

खरं कारण मात्र वेगळं होतं. सर्जची मोठी खुबी काय, कुठल्याही गाडीच्या मागं लागतो. आमच्या नातेवाईकांत 'कुठल्याही गाडी'वाले भरपूर. आमची शिडी हिंडलग्याला आहे, ड्रिल मशीन खानापुरात, आणि कुकर कुणाकडं आहे यावरून वाद आहे. सर्जवाला ट्रेलर केला असता तर पहिल्या आठवड्यात मेव्हण्याच्या पिकअपला लागून निपाणीला गेला असता. इलेक्ट्रिकला कंट्रोलर लागतो, तो फक्त माझ्या बोलेरोत, आणि बोलेरोची चावी माझ्या खिशात. मेव्हणा आला, ट्रेलरला फेरी मारली, मी तोंड पाडून सांगितलं, "तुझ्या गाडीत कंट्रोलर नाही रे, ब्रेकच लागणार नाही." तो हळहळला. मी पण हळहळलो.

मग येळ्ळूरचे मामा आले. ट्रेलर बघितला, टायरला लाथ मारली, प्लग उघडून आत डोकावले.

"कितीवर चालतोय गा हा ब्रेक?"

"बारा व्होल्टवर, मामा."

"आणि आमच्या ट्रॅक्टरची बॅटरी कितीची हाय?"

मी म्हटलो, "मामा, चहा घेणार काय?"