खाते कुणाच्या नावाचे, पैसा कुणाच्या हाती

नागपुरातल्या गोकुळपेठ बाजाराजवळच्या आमच्या चहाच्या टपरीवर परवा वाद पेटला तो बँकेत नोकरी करणाऱ्या मित्राच्या बोलण्यावरून. त्याचे म्हणणे असे, की 28 ऑगस्ट 2014 रोजी जनधन योजना सुरू झाली, आज 50 कोटींहून अधिक खाती आहेत, म्हणजे बँक गरिबाच्या दारी पोहोचली.

अर्थशास्त्र शिकवणारी मैत्रीण म्हणाली, ‘‘अरे, खाते उघडणे वेगळे आणि ते चालणे वेगळे.’’ युगांडा, मलावी आणि चिलीत बँकेत खाते नसलेल्या लोकांना विनाखर्च खाती काढून देण्यात आली, तरी दोन वर्षांत किमान पाच वेळा पैसे भरणारे अनुक्रमे 17, 10 आणि 3 टक्केच निघाले.

मित्राने लगेच केनिया पुढे केला. पास्कलिन द्युपा आणि जोनाथन रॉबिन्सन या अर्थतज्ज्ञांच्या तिथल्या प्रयोगात खात्यावर व्याज नव्हते, पैसे काढताना उलट शुल्क पडे. तरीही बाजारात बसणाऱ्या बायकांनी बचत केली आणि धंद्यातली गुंतवणूक वाढवली. सायकल-टॅक्सी चालवणाऱ्या पुरुषांत तसा परिणाम दिसला नाही.

माझ्या मते सारा प्रश्न इथेच आहे. शुल्क सोसूनही बाई पैसे घराबाहेर ठेवते, कारण घरातल्या पैशावर सगळ्यांचाच हक्क चालतो. समोरच मेथीच्या जुड्या लावणाऱ्या मावशींनी पदराची गाठ सोडून भिशीचा हप्ता मोजला. बँकेचे विचारले तेव्हा म्हणाल्या, ‘‘खातं हाये भाऊ, पण पासबुक मालकापाशी असते, अन् बँकेत गेलं का सकाळचा धंदा बुडते.’’

मैत्रिणीने मग शेजारच्या मध्य प्रदेशातला अभ्यास सांगितला. रोजगार हमीची मजुरी बहुधा कुटुंबप्रमुख पुरुषाच्या खात्यात जात असे. ती बायकांच्या स्वतःच्या खात्यात वळवली आणि खाते कसे वापरायचे हेही शिकवले, तेव्हा नुसते खाते मिळालेल्या बायकांपेक्षा त्या अधिक कामावर जाऊ लागल्या; बाईने कमावण्याविषयीचे त्यांचे स्वतःचे मतही मोकळे झाले. खात्यांच्या संख्येवर समाधान मानणाऱ्यांनी हा अभ्यास वाचलाच पाहिजे, असे मला कळकळीने वाटते.

मित्र थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने मावशींना विचारले, ‘‘खात्याला मोबाइल क्रमांक कुणाचा जोडला आहे?’’

‘‘पोराचा.’’

‘‘मंगळवारी दुपारी आधार कार्ड अन् पासबुक घेऊन या मावशी, तुमचा क्रमांक जोडून देतो.’’