गांजाचा परिणाम घड्याळ ठरवत नाही

‘सकाळी सॅटिव्हा प्रकारचा गांजा घेतला की दिवसभर तरतरी राहते, रात्री इंडिका घेतला की शांत झोप लागते आणि पहाटेपर्यंत सगळे उतरलेले असते’, असा दावा समाजमाध्यमांवर सर्रास फिरतो. त्यावर विसंबून लोक मात्रा ठरवतात आणि सकाळी गाडी घेऊन बाहेर पडतात, म्हणून तो तपासायला हवा.

सॅटिव्हा हे नाव लिनियसने १७५३ मध्ये आणि इंडिका हे लामार्कने १७८५ मध्ये दिले. दोघेही वनस्पतींचे वर्गीकरण करत होते, सेवनाची वेळ सांगत नव्हते. शिवाय आजवर इतके संकर झाले आहेत की वेष्टनावरच्या या नावांवरून आत टीएचसी (नशा आणणारे मुख्य द्रव्य) व सीबीडी (नशा न आणणारे द्रव्य) किती आहे, हे कळत नाही.

वेळेचा काहीच संबंध नाही, असे नव्हे. शरीर स्वतः तयार करत असलेल्या ‘टू-एजी’ या गांजासदृश द्रव्याचे रक्तातील प्रमाण रात्री झोपेत सर्वांत कमी आणि दुपारी सर्वांत जास्त असते. पण त्यावरून सकाळची तरतरी सिद्ध होत नाही. रोज घेणाऱ्याला जी तरतरी वाटते, ती रात्रभराच्या खंडाने आलेली अस्वस्थता शमल्याचीही असू शकते. लक्ष आणि तात्कालिक स्मृती मात्र सकाळीही मंदावतातच.

‘पहाटेपर्यंत उतरते’ हा भाग सर्वांत घातक आहे. ओढलेल्या गांजाचा परिणाम काही मिनिटांत सुरू होतो आणि साधारण दोन ते चार तास टिकतो. खाल्लेला गांजा चढायला अर्ध्या तासापासून दोन तास लागतात, आणि यकृतात टीएचसीपासून दुसरे प्रभावी द्रव्य तयार होत असल्याने तो सहा-आठ तास, कधी त्याहून अधिक राहतो. रात्री दहाला एक तुकडा खाल्ला, पाऊण तासात काहीच जाणवले नाही म्हणून दुसरा खाल्ला, तर दोन्ही मध्यरात्रीच्या सुमारास एकदम अंगावर येतात आणि सहाचा गजर होतो तेव्हा माणूस पूर्ण शुद्धीवर असेलच असे नाही. तेलकट-तुपकट जेवणानंतर टीएचसी अधिक शोषले जाते व नशेचे शिखर आणखी उशिरा येते.

राहिली झोप. सुरुवातीला डोळा लवकर लागतो, हे खरे. पण स्वप्नांची झोप कमी होते आणि रोजच्या सवयीने गुणही ओसरतो. थांबवल्यावर काही दिवस, कधी काही आठवडे, निद्रानाश व भडक स्वप्ने येतात, ज्यांची नोंद २०१३ च्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदानपुस्तिकेत विरामलक्षणांत, म्हणजे व्यसन थांबवल्यावर होणाऱ्या त्रासांत, आहे. माणूस मात्र त्यांनाच ‘गांजाशिवाय मला झोप येत नाही’ याचा पुरावा समजतो आणि पुन्हा घेतो; खरे तर थोडे थांबला असता तर ती आपोआप ओसरली असती.