भाऊ-भाऊच ना ते?

कॉलेजच्या ग्रुपवर परवा परत तेच सुरू झालं, युक्रेन म्हणजे रशियाचाच तुकडा रे, भाषा पण तीच, भावाभावांचं भांडण, अमेरिका मधे पडली म्हणून चिघळलं वगैरे.

मी सात वर्षं पोलंडमधे व्रोत्स्वाफला आहे. ऑफिसमधे शेजारी युक्रेनमधल्या खार्किवची एक जण बसते, जन्मापासून घरात रशियनच, २०२२ नंतर ठरवून युक्रेनियन बोलायला लागली. आईशी फोनवर बोलताना अडखळते, शब्द आठवत नाही, मग डोळे मिटून शोधत बसते पण रशियन शब्द काही घालत नाही. तिला मी सुरुवातीलाच विचारलं होतं, तुमची भाषा एकच ना? ती म्हणाली, मग बंदी कशावर घातली होती?

बरोबर आहे की. १८६३ ला झारचा गृहमंत्री वालुयेव सर्क्युलरमधे लिहितो की अशी वेगळी भाषा नव्हती, नाही आणि असूच शकत नाही, आणि १८७६ ला त्याच नसलेल्या भाषेतली बहुतेक छपाई बंद! पुतिनचा जुलै २०२१ चा लेख पण तेच, दोघं मिळून एकच लोक. ९८८ मधे बाप्तिस्मा घेतलेला कीवचा राजा व्लादिमीर, रशिया त्याला आपला मूळपुरुष मानते, त्याचा भलामोठा पुतळा २०१६ मधे क्रेमलिनशेजारी उभा केला, त्या राजाच्या काळात मॉस्कोचं नाव पण कुठं सापडत नाही.

युक्रेनवाल्यांचं सगळं पटतं असं नाही, रशियन कवी पुश्किनचे पुतळे काढून काय मिळतं कळत नाही मला. पण झेलेन्स्की स्वतः रशियन बोलणाऱ्या घरातला, आणि १९९१ च्या सार्वमतात ९० टक्क्यांवर लोकांनी स्वातंत्र्य मागितलं, रशियनबहुल क्रिमियात सुद्धा निम्म्याहून जास्त. म्हणजे घरात बोलता काय यावरून देश ठरत नाही.

आता माझी गोची. मी कुडाळचा, आणि हॉस्टेलवर गोव्याच्या रूममेटला ठासून सांगायचो की कोंकणी ही मराठीचीच बोली आहे रे. गोव्यानं १९६७ ला मत देऊन महाराष्ट्रात विलीनीकरण नाकारलेलं, १९९२ ला कोंकणी आठव्या अनुसूचीत गेली, तरी माझं आपलं चालूच. गोव्यात या प्रश्नावर रणगाडे नाही, मतपेट्या गेल्या, हा फरक लहान नाही. पण वाक्य वालुयेवचंच होतं ना? आणि २०२५ मधे पहिलीपासून हिंदी म्हटल्यावर खवळलेले पण आम्हीच, तेव्हा कुणी लिपी एकच आहे म्हणालं असतं तर फाडून खाल्लं असतं.

ग्रुपवर तीनदा टाइप करून खोडलं. तो रूममेट पण आहे त्या ग्रुपवर, सगळं वाचतो, या विषयावर मात्र आजवर एक अक्षर टाकलेलं नाही त्यानं.