तोराजातले मुडदे चालत नाहीत

एक फॉरवर्ड पुन्हा फिरतोय. उभ्या, वाळक्या प्रेताचा फोटो आणि खाली मजकूर: इंडोनेशियातल्या तोराजा गावात मांत्रिक मुडदे चालवत घरी आणतात, हे जंगली लोक मुळात हिंदूच, एकेका मयताला शेकडो रेडे कापतात.

पहिलं म्हणजे तोराजा हे गाव नव्हे. सुलावेसी बेटावरच्या दक्षिण सुलावेसी प्रांतातला तो डोंगराळ, भातशेतीचा मुलूख आहे. त्याचे आता दोन जिल्हे आहेत.

फोटो 'मानेने' या विधीचा. रांतेपाओ या तिथल्या शहराच्या उत्तरेकडच्या काही गावांत भात निघालं की, बहुधा ऑगस्टात, काही वर्षांच्या अंतराने थडगी उघडतात. पेटी बाहेर काढायची, प्रेतावरची धूळ झाडायची, ऊन दाखवायचं, नवे कपडे चढवायचे, हौस असेल तर गॉगलही, घरच्यांसोबत फोटो, की पुन्हा आत. प्रेत उभं राहतं ते नातवंडांनी धरल्यामुळे. मेलेला माणूस चालत गावी आल्याच्या दंतकथा तिथेही आहेत. पण दंतकथा कुठे नसतात?

हिंदू असल्याचा मुद्दा आपल्या ग्रुपांना फार गोड लागतो. 1906 साली डच फौजेने हा मुलूख घेतला, 1913 मध्ये मिशनरी आले आणि आज तिथले बहुसंख्य लोक ख्रिस्ती आहेत. जुना धर्म 'अलुक तो दोलो'. इंडोनेशियात सरकारमान्य धर्म मोजकेच, म्हणून 1969 मध्ये त्याची नोंद हिंदू धर्माखाली झाली. ही कागदोपत्री सोय. त्यांचा निर्माता पुआंग मातुआ. शिव-विष्णू शोधून सापडायचे नाहीत.

रेडे कापतात, हे खरं. पण किती, ते घराण्यावर ठरतं: बड्यांकडे दोन डझनांच्या वर, गरिबाकडे एखादा रेडा नाहीतर नुसती डुकरं. मांसाचे वाटे मानाप्रमाणे गावभर जातात. कुणी कुठलं जनावर आणलं याची नोंद राहते आणि त्याच्या घरच्या मयताला ते फेडावं लागतं. या देण्यात कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या अडकतात. टीकाच करायची तर इथे करा. तोराजातले लोक स्वतःही करतात.

आणि जंगली? मकास्सर शहरात किंवा दूर पापुआत नोकरीला गेलेली मुलं मयतासाठी पैसे जमवून परत येईपर्यंत बापाचं प्रेत कुजू नये म्हणून फॉर्मॅलिन देऊन घरात ठेवतात, कधी महिने, कधी वर्षं. तोवर तो घरच्यांच्या लेखी आजारीच असतो, त्याच्यापुढे रोज ताट ठेवलं जातं. मांत्रिकाचं यात काही काम नाही.