माझा वास आणि शेजाऱ्यांचा कायोटी

‘तुझ्या अंगाला वास येतोय,’ हे मला पहाटे पाच वाजता, माझ्याच अंगणात, एका झुडपाने सांगितलं.

झुडूप म्हणजे आमचे शेजारी, राहणार लबक, पश्चिम टेक्सास. यापुढे झुडूपराव. कायोटी, म्हणजे इकडचा कोल्ह्यासारखा रानटी प्राणी; त्याच्या शिकारीला ‘नुसतं बघायला तरी ये’ म्हणून ते मागे लागले होते आणि मला तोंडावर नाही म्हणता येत नाही. झाली पूर्वपीठिका.

त्यांनी गिली सूट घातला होता. गोणपाटाच्या लोंबत्या धाग्यांचा हा अवतार मूळचा स्कॉटलंडमधल्या शिकारी रानांच्या रखवालदारांचा. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धासाठी १९०० साली उभ्या राहिलेल्या लोव्हॅट स्काउट्स या स्कॉटिश पलटणीने तो लष्करात नेला. हा इतिहास झुडूपरावांनीच सांगितला, मला पुढून-मागून हुंगत.

‘रात्री काय खाल्लंस?’

‘वरण-भात.’

‘त्यात काय असतं?’

‘डाळ.’ हिंग आणि लसूण मी गाळले. वकील नसताना माणसाने बेतानेच बोलावं.

‘शर्ट कुठल्या साबणाने धुतला?’

‘घरात असतो त्या.’

झुडूप थरथरलं. कायोटीची नजर कुत्र्यासारखी. निळा-पिवळा रंग कळतो, लाल-नारिंगी मळकट दिसतो. त्यामुळे दुसऱ्या शिकाऱ्याची गोळी लागू नये म्हणून घातलेली भडक नारिंगी टोपी त्याला खुपत नाही. पण साबणातल्या चमक आणणाऱ्या रसायनाने माझा शर्ट म्हणे त्याला निळसर चकाकणार. आमच्या घराण्यात कपड्यांना नीळ घालण्यात पिढ्या गेल्या, तो सगळा अपराध आज माझ्या अंगावर होता.

‘हात वर कर,’ झुडूपराव म्हणाले आणि त्यांनी माझ्यावर अंगाचा वास घालवणारा फवारा मारला. काखेत, पाठीवर, बुटांत. मग थोडा विचार करून टोपी काढायला लावली आणि डोक्यावरही. समोरच्या घरातल्या बाई कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला आल्या होत्या. त्यांनी हात हलवला. माझे दोन्ही हात वरच होते.

पानं-फांद्या छापलेल्या कपड्यांचा धंदा या देशात केवढा आहे म्हणून सांगू! दोन मोठ्या कंपन्या तर १९८६ या एकाच सालच्या. त्या छपाईचे हातमोजे मिळतात, बुरखे मिळतात, बंदुकीला गुंडाळायची पट्टी मिळते. इथवर समजू शकतो. पण पिकअपच्या सीटचं कव्हरही मिळतं. गाडी टेकडीपलीकडे ठेवून यायची असते, मग सीट कोणापासून लपवायची? बायकोपासून किंमत लपवायची असेल तर गोष्ट वेगळी.

रानात पोचलो तर सगळीकडे मेस्किट. आपल्या वेड्या बाभळीची सख्खी बहीण, काटे तसेच. मला वाटलं बारामतीच्या मागे आलोय. उन्हाला पाठ करून, सावलीत, झुडपाला टेकून बसायचं, म्हणजे आपला आकार त्यात विरतो. कण्हणाऱ्या सशाचा आवाज काढणारा भोंगा लांब ठेवायचा, म्हणजे कायोटीची नजर तिकडे जाते. आणि हलायचं नाही. कपडे कितीही पानाफुलांचे असोत, हललात की दिसलात. पाठीत काटा, नाकावर माशी, आणि ससा मरता मरेना.

कायोटी आला. भोंग्याकडे सरळ येईल तर तो कायोटी कसला! लांबून वळसा घेत तो वाऱ्याच्या खालच्या अंगाला गेला, नाक वर केलं आणि दिसेनासा झाला. झुडूपरावांनी हळूहळू मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

‘लसूण,’ ते म्हणाले.

आता हे झुडूपराव कसे? गालात तंबाखूची गोळी, ओल्या गवतातही डिझेलचा दर्प सोडणारे बूट, खिशात धुरावर वाळवलेलं मांस. पण ते वास नव्हेत, तो टेक्सास! वास मला. ऑफिसातल्या मायक्रोवेव्हपाशीही ‘काय इंटरेस्टिंग वास आहे’ असं म्हणत खिडकी उघडली जाते, तेव्हा तो माझ्याच डब्याचा असतो. शेजारी कोणी मासा गरम करत असला तरी. घर भाड्याने घेताना ‘स्वयंपाक फार करता का?’ हा प्रश्न मलाच येतो. हसून ‘थोडासा’ म्हणायचं, मग एक्झॉस्ट लावून, दारं लोटून, चोरासारखी फोडणी द्यायची. कायोटीचं मी मनाला लावून घेत नाही, त्याच्या जिवाचा प्रश्न होता. बाकीच्यांना कोण गोळी घालतंय?

निरोप घेताना झुडूपरावांनी फवाऱ्याची नवी बाटली भेट दिली, ‘ताज्या मातीचा सुगंध’ वाली. हिने झाकण उघडून हुंगलं आणि नाकाला पदर लावला.

‘हे घरात ठेवायचं नाही,’ ती म्हणाली. ‘वास येतो.’