खापराची पोळी सुंदर कशी? एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, स्वयंपाकातल्या सौंदर्यावर लिहिलेला माझा लेख तुम्हाला पटला नाही. त्यात मी खापराच्या पोळीला, म्हणजे उलट्या घातलेल्या मातीच्या खापरावर भाजायच्या मोठ्या पुरणपोळीला, सुंदर म्हटलं होतं. तुमचे आक्षेप तीन. पोटात जाणाऱ्या वस्तूला सुंदर म्हणता येत नाही, कारण जर्मन तत्त्वज्ञ कांटच्या मते सौंदर्याचा आनंद निरपेक्ष असतो. चुलीपुढे घाम गाळणाऱ्या बाईच्या कष्टांना सौंदर्य म्हणणं ही पोट भरलेल्यांची चैन आहे. आणि निकषच नसल्यामुळे मला जे आवडतं ते सुंदर ठरतं. शेवटी तुम्ही विचारलंय, 'मातीचं खापर सोडून लोखंडी कढई उलटी घातली तर पोळी कुरूप होते का?'

आधी निकषाचं बघू. तो नाही असं म्हणणाऱ्याने ही पोळी कुठे कुठे बिघडते ते बघावं.

गहू ओलवून दळायचा आणि पीठ वस्त्रगाळ करायचं. कोंड्याचा कण राहिला की ताणताना पोळी नेमकी तिथेच फाटते. पिठात मीठ आणि थोडं तेल घालून कणीक नेहमीच्या पोळीपेक्षा बरीच सैल भिजवायची, आपटून आपटून तिंबायची आणि निदान दोन तास झाकून ठेवायची. तिंबणं कमी पडलं तर ती तुटते. मुरली नाही तर ताणलेली पोळी पुन्हा आखडते. हरभऱ्याची डाळ बोटाने दाबताच मोडेल इतकी शिजवून पूर्ण निथळायची (निघालेलं पाणी, म्हणजे कट, रशी नावाच्या आमटीला). गूळ घालून आटवायची आणि गरम असतानाच वाटायची, कारण गार पुरणात गुठळ्या राहतात.

खरी मेख पुढे आहे. पुरण आणि कणीक दोन्ही एकसारखी मऊ हवीत. पुरण घट्ट असेल तर ते मधेच बसून राहतं, कणीक एकटी बाहेर सरकते आणि कडा पोकळ राहतात. पुरण पातळ असेल तर उंडा, म्हणजे पुरण भरलेला गोळा, फुटतो आणि खापराला चिकटतो. हे साधलं की तांदळाच्या पिठीवर ताटलीएवढी लाटायची आणि मग पंजापासून कोपरापर्यंत दोन्ही हातांवर फिरवत वाढवायची. बोटांनी ओढायची नाही, ती आपल्याच वजनाने पसरते. चांगली पोळी ओळखायची खूण अशी: वरच्या पापुद्र्यातून पुरणाचा रंग थेट कडेपर्यंत सारखा दिसतो. पांढरा पट्टा दिसला की पुरण तिथे पोचलेलं नाही.

शेजारची बाई एका नजरेत सांगते, 'कडंला पुरण नाही'. तिला पोळी आवडली की नाही हा विषयच नाही. ती दोष दाखवते, त्याचं कारण सांगते आणि करणारीला ते मान्य करावं लागतं. आवडीनिवडीत असं होत नाही. पुरण किती गोड हवं यावर दोघी जन्मभर भांडतील आणि दोघीही बरोबर असतील. कांटनेही १७९० मध्ये जिभेच्या सुखाला सौंदर्यापासून वेगळं काढलं ते याच कारणाने, की जिभेच्या बाबतीत आपण दुसऱ्याच्या सहमतीचा आग्रह धरत नाही.

तुम्ही कांट अर्धाच घेतलात. फुलासारखं स्वायत्त सौंदर्य त्याने सांगितलं, तसंच परायत्तही सांगितलं, जिथे वस्तू कशासाठी आहे हे कळल्याशिवाय निर्णय देता येत नाही. घोडा आणि इमारत ही त्याचीच उदाहरणं. पोळी त्या रांगेत बसते, एवढंच माझं म्हणणं आहे. इथे आपल्याच खानदेशातल्या फैजपुरात जन्मलेले कवी आणि सौंदर्यमीमांसक मर्ढेकर मात्र मला कमी पडतात. संवाद, विरोध आणि समतोल हे त्यांचे लयीचे नियम संवेदनांच्या आपसातल्या नात्यावर उभे आहेत. वस्तू वापरायची आहे ही गोष्ट त्यांत येतच नाही.

ती आली नाही तर काय होतं ते धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या छतावर, बघा. डोळ्याला सपाट, गुळगुळीत धाबं देखणं वाटतं. पण दहा फुटांना दोन-तीन इंच उतार पन्हाळीकडे नसेल तर पाणी साचतं, माती भिजून मऊ होते आणि गळती लागते. काळी माती तर वर टाकायचीच नाही. ती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते, म्हणजे मृगाचा पहिला पाऊस थेट घरात. म्हणून पांढरी माती घेतात. दरवर्षी सुटी झालेली जुनी माती न खरवडता वर नवा थर देत गेलं तर सरांवर, म्हणजे छताच्या लाकडी तुळयांवर, ओझं वाढतं आणि ते वाकतात. जाणत्याला सपाट धाबं सुंदर दिसत नाही, ते बिघडलेलं दिसतं.

आता कष्ट. तुमचा हा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे, म्हणून नेमकं बोलतो. एखादी गोष्ट काढून टाकल्यावर पोळी बिघडत असेल तर ती सौंदर्याचा भाग. काढल्यावर फक्त त्रास कमी होत असेल तर तो निव्वळ त्रास. धूर, पाठीची कळ, डोळ्यांची आग, लग्नात मांडे (म्हणजे हीच पोळी) करायला बोलावलेल्या बायांची अपुरी मजुरी, यातलं काहीही काढा, पोळीचं काही बिघडत नाही. त्याचं कौतुक करणाऱ्यावर तुम्ही रागावलात तर मी तुमच्या बाजूने आहे. तिंबणं आणि हातावर वाढवणं मात्र काढता येत नाही. आणि त्यातला दोष पहिल्यांदा दिसतो तो करणारीला, पाटावर बसलेल्याला नाही. ती नजरही चैन म्हणून बाजूला काढली, तर तिच्याकडे नुसतेच कष्ट राहतात.

कढईबद्दल. पोळी कुरूप होत नाही, आच बदलावी लागते. माती हळू तापते आणि ताप धरून ठेवते. लोखंड लवकर तापतं, आणि घरच्या लहान शेगडीवर मधेच जास्त तापतं, त्यामुळे मध्य करपतो आणि कड कच्ची राहते. मोठी, रुंद ज्वाळेची शेगडी घ्या, कढई मध्यम आचेवर सगळीकडे तापू द्या आणि पाण्याचा शिपका मारा. थेंब नाचून लगेच उडाले की पोळी टाका. ते नुसते पसरून फसफसले तर अजून थांबा, नाहीतर चिकटेल.