टेबल एका लेव्हलला नसलेला रंधा विकताना काहीच वाटत नाही का?

डोकं फिरलंय आज. सरफेस रंधा घेतला म्हणजे फळी सरळ करायचं मशीन घेतलं ना? मग त्याची पात्यांच्या अलीकडची-पलीकडची दोन टेबलं एका पातळीत आणायचं काम माझ्या गळ्यात का? १२ इंची, ५ फुटी, कास्ट आयर्नचं धूड, वरून चकचकीत हिरवा रंग, आणि स्ट्रेट एज (सरळपणा तपासायची पट्टी) ठेवली की आउटफीडचं, म्हणजे पात्यांच्या पलीकडच्या टेबलाचं, बाहेरचं टोक अर्धा मिलीमीटर खाली पडलेलं. अर्धा! फट मोजायची ०.०५ मिलीमीटरची फीलर पत्ती जिथं अडायला पाहिजे तिथं एकावर एक पत्त्या घातल्या तरी आत जातायत.

अर्ध्या मिलीमीटरनं काय होतंय म्हणणाऱ्यांनी सागाच्या चार फुटी दोन फळ्या घेऊन रंध्यावर कडा मारून बघाव्यात. टेबलांची बाहेरची टोकं खाली असली की कड मधे पोकळ निघते, आणि दोन फळ्या कडेला कड लावल्या की दोन्हींची चूक एकत्र, गॅप डबल. टोकं वर असतील तर उलटं, मधे टेकतं आणि दोन्ही टोकांना फट. मग क्लॅम्प आवळून आवळून ती फट मिटवायची, आणि उन्हाळ्यात लाकूड सुकलं की जोडलेल्या टेबलटॉपचा सांधा उघडतो, आणि गिऱ्हाईक फोन मशीनवाल्याला करत नाही, मला करतं. सागाचा भाव काय चाललाय बघा जरा.

सगळ्यात जास्त संताप येतो तो कंपनीच्या मेकॅनिकचा. आला, बेल्ट ताणला, म्हणे पाती सेट करून देतो. अरे पाती आउटफीडच्या लेव्हलला आणणं वेगळं आणि दोन टेबलं एकमेकांना समांतर असणं वेगळं! पाती वर राहिली की फळीच्या शेवटी खड्डा पडतो, खाली राहिली की फळी आउटफीडच्या कडेला अडते, एवढं मलाही कळतं आणि ते मी स्वतःच करतो. इथं टेबलालाच उतार आहे, तो पात्यांनी जन्मात जाणार नाही. त्याचं आपलं एकच पालुपद, लाकूड निघतंय की ओ दादा. लाकूड निघतंय, सरळ निघत नाही!

मग शिमा, म्हणजे पातळ पत्र्याचे तुकडे, भरत बसायचं. टेबल बसतं तिरक्या डव्हटेल (तळाशी रुंद) खाचेत. त्यातली टेबल घट्ट धरणारी गिब पट्टी सैल करा, टेबल उचला, बाहेरच्या टोकाला पितळी शिम सरकवा, हव्या त्या जाडीची मिळत नाही म्हणून कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा कापून घाला, परत गिब आवळा, परत स्ट्रेट एज. टोक आलं वर, तर आता डावा कोपरा ०.२ नं खाली, म्हणजे टेबलाला पीळ. पीळ काढला की लांबी बिघडली. आणि सगळं जुळत आलं की लॉकचा बोल्ट आवळायचा, तर तो आवळताना टेबल हलतं, फरक मोजायच्या डायल गेजचा काटा डोळ्यांदेखत सरकतो!! चांगल्या पॅरललोग्राम मशीनला (ज्यात टेबल खाचेऐवजी फिरत्या आधारांवर बसतं) टेबलाखाली एक्सेंट्रिक, म्हणजे मधोमध भोक नसलेले, बुश असतात, ते फिरवून एकेक कोपरा वरखाली करता येतो. यात तसलं काहीच नाही.

आणि हे मोजायचं कशानं? बाजारातली ॲल्युमिनियमची पट्टी स्वतःच सरळ असेल याची गॅरंटी नाही, आणि ग्राइंड केलेली ५ फुटी स्ट्रेट एज घ्यायची म्हणजे परत खिशाला भोक. शेवटी तीन लाकडी पट्ट्यांना टोकांना आणि मधे स्क्रू मारून त्या एकमेकींशी पडताळून घेतल्या. तीनच लागतात, कारण दोन पट्ट्या तंतोतंत जुळल्या तरी एक फुगीर आणि एक पोकळ असू शकते, तिसरी लावली की चोर सापडतो. हे मी माझ्या शेडमध्ये करतोय आणि ज्याच्याकडे सरफेस प्लेट (तपासायची अचूक सपाट प्लेट) आहे, ग्राइंडर आहे, त्या मशीनवाल्यानं केलं नाही.

कास्टिंग ओतलं की आत ताण राहतो हे काय नवीन आहे का? ५००-६०० अंशाला तापवून हळूहळू थंड करतात, किंवा रफ मशीनिंग करून महिनोन्‌महिने पडू देतात, आणि मग फायनल ग्राइंडिंग. आमच्या कोल्हापुरात शिरोलीतल्या नाहीतर गोकुळ शिरगावातल्या कुठल्याही फाउंड्रीवाल्याला विचारा. ताजं कास्टिंग घासायचं, पुट्टी भरायची, रंग मारायचा आणि ट्रकवर चढवायचं, मग ते पुढं वाकणार नाही तर काय होणार!

मशीनबरोबर एक कागद द्या की रे, लांबीत फरक किती, कर्णात किती, दोन टेबलं मिळून किती. आणि डिलिव्हरीला येणाऱ्या माणसाच्या हातात पान्याबरोबर स्ट्रेट एज द्या, त्यानं माझ्यासमोर कड मारून दोन फळ्या जोडून दाखवाव्यात, मधून उजेड दिसता कामा नये. तोपर्यंत राहिलेलं पेमेंट मिळणार नाही, उगाच फोन करू नका.